भिंतीवरचं वेळापत्रक

(रेडिओवर प्रसारित झालेलं भाषण)

भांडी आवरून, चुलीवर पाणी मारून तुम्ही आता रेडिओजवळ टेकला असाल. आजचा विषय आपल्या पोरांच्या शाळेचा आहे. पण शाळेची फी, पोषण आहार, गणवेश यावर आज बोलायचं नाही. शाळेत आठवडाभर पोरं नेमकं करतात काय, आणि ते तसं करायचं हे ठरवलं कोणी, एवढंच आज बघू.

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, वही मिटली आणि गप्पा सुरू झाल्या. एक वहिनी तणतणत म्हणाल्या, "पोरगी शाळेत जाते का जत्रेत, तेच कळेना. सोमवारी म्हणे चिंचोके मोजले. मंगळवारी गाणं. बुधवारी वाफ्यात मेथी पेरली. गुरुवारी मातीचे बैल केले. शुक्रवारी बाई सगळ्यांना घेऊन ओढ्यावर. मग अभ्यास कधी करतात?" दुसरीने री ओढली, "मातीला आपल्याकडे काय तोटा? माती सुटावी म्हणून तर शाळेत घातलं."

आमच्यात एक मावशी आहेत, दुसरीपर्यंत शिकलेल्या. त्या इतका वेळ गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, "मला त्या दोन वर्षांतलं एकच आठवतं. पाढा चुकला की उभं करायचे. एक दिवस मी गेलेच नाही. कुणी विचारलंही नाही."

त्यावर कुणालाच काही बोलता येईना.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले आणि भिंतीवरचं वेळापत्रक नीट वाचलं. भाषा, गणित, परिसर अभ्यास, कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण. सोमवार ते शनिवार, चौकोनात चौकोन. हे चौकोन आपोआप पडलेले नाहीत. एकेका चौकोनासाठी कुणीतरी भांडलंय. कुणासाठी भांडलंय, ते ऐकलंत तर वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर मिळेल. मावशींच्या दुखण्याचंही मिळेल.

धूळपाटी आणि पाढे

इंग्रजांच्या आधी आणि त्यांच्या सुरुवातीच्या काळात आपल्याकडे पंतोजींच्या शाळा होत्या. कुणाच्या ओसरीवर, कुठे देवळात. पाटीवर बारीक धूळ पसरायची, तिच्यावर काडीने अक्षर काढायचं, पुसायचं, परत काढायचं. मोडी लिहायची, बाळबोध वाचायचं. आणि पाढे. साधे पाढे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं.

हे शिक्षण वाया गेलेलं नव्हतं, बरं का. अडीचकी पाठ असलेला माणूस बाजारात फसत नव्हता. आपल्या आज्यांनी ते पाढे भावांच्या तोंडून भिंतीआडून ऐकले, आणि काहींना तेवढ्यावर हिशेब यायचा. पण त्या शाळेचा आठवडा म्हणजे एकच दिवस सहा वेळा. जे सोमवारी तेच शनिवारी. चुकलं की छडी. मुलींना तिथे जागा नव्हती. महार-मांगांच्या मुलांना तर ओसरीवर चढायचीही बंदी होती.

सावित्रीबाईंच्या शाळेतून

१८४८ साली पुण्यात बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. ती हकिकत तुम्हाला ठाऊक आहे, दर ३ जानेवारीला आपण ती सांगतो. आज मला तिच्यातली एकच गोष्ट सांगायची आहे. या दोघांनी पुढे काढलेल्या शाळेत मांग समाजातली मुक्ता नावाची मुलगी शिकली. तिने आपल्या लोकांच्या दुःखावर एक निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला.

जरा थांबून विचार करा. ज्या मुलीच्या सावलीचाही विटाळ मानत, तिला शाळेत अक्षर मिळालं, एवढंच नाही. अक्षर वापरून आपलं स्वतःचं जगणं कागदावर मांडायला मिळालं. दुसऱ्याचं लिहिलेलं गिरवणं वेगळं आणि आपलं मनातलं लिहिणं वेगळं. आज भाषेच्या तासाला बाई म्हणतात, "तुमच्या घरचा एक दिवस लिहा", तेव्हा आपल्याला वाटतं हा टाइमपास आहे. मुक्ताने असंच आपल्या घरचं लिहिलं, म्हणून तिचं नाव पावणेदोनशे वर्षांनी आपण घेतोय.

१८८२ साली इंग्रज सरकारने शिक्षणाची चौकशी करायला हंटर साहेबांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. जोतीरावांनी त्याला निवेदन दिलं. सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि शिक्षणावरचा पैसा मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर जातो, असं त्यांनी स्पष्ट मांडलं. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. आणि पुढे शाळेत काय शिकवावं, तेही सांगितलं. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण. यासोबत शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीतीचे काही धडे आणि आरोग्य. शक्य असेल तिथे शाळेला छोटी नमुना शेती जोडावी, असंही सुचवलं. शिक्षक कसा असावा? गरज पडली तर नांगर किंवा सुताराचा वाकस हातात धरता येईल असा. खालच्या थरातल्या लोकांत मिसळणारा, त्यांच्या गरजा समजणारा.

म्हणजे आपल्या पोरीने वाफ्यात मेथी पेरली, ती कल्पना बाईंच्या मनात कालपरवा आलेली नाही. तिची मागणी महात्मा फुल्यांनी १८८२ साली सरकारदरबारी लेखी केली होती.

मुलींनी किती वेळ शिकायचं?

शाळेचं वेळापत्रक हा बाईच्या दृष्टीने किती मोठा प्रश्न आहे, त्याचं आणखी एक उदाहरण पुण्याचंच. १८८४ साली तिथे मुलींसाठी हायस्कूल सुरू झालं. पुढे ते हुजूरपागा म्हणून प्रसिद्ध झालं. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारखे सुधारक त्याच्या मागे होते. शाळा सुरू झाली आणि वाद पेटला. वाद होता तासांचा. लोकमान्य टिळकांच्या गोटातल्या 'मराठा' या साप्ताहिकातून आक्षेप घेतला गेला, की मुलींना मुलांसारखं दिवसभर शाळेत कशाला बसवता? त्यांना घरकाम आहे. थोडे तास पुरेत.

आज हे ऐकून हसू येतं. पण आपल्या घरात डोकावून बघा. आई मजुरीला गेली की धाकट्याला सांभाळायला कोण राहतं? पाण्याची पाळी असली की कुणाची शाळा बुडते? पोराची की पोरीची? तो वाद पेपरातून गेला, घरातून अजून गेलेला नाही. याच प्रश्नावर पुढे दोन बायांनी एक तोड काढली. तिकडे आपण येणारच आहोत.

मधल्या काळात शाळेचं दार उघडायचं काम चालू होतं. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी तसं विधेयक सरकारपुढे ठेवलं, ते फेटाळलं गेलं. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं. दार उघडलं, पण आत गेल्यावर काय, हा प्रश्न होताच.

सेवाग्रामची टकळी

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजींचं म्हणणं असं, की शिक्षण हाताच्या कामातून द्यावं, मातृभाषेतून द्यावं आणि सात वर्षं सगळ्यांना मोफत द्यावं. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. हेच पुढे भारताचे राष्ट्रपती झाले. या समितीने चक्क रोजचं वेळापत्रक मांडलं. ते ऐका.

शाळा साडेपाच तासांची. त्यातले ३ तास २० मिनिटं हस्तोद्योग. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून ४० मिनिटं. मातृभाषा ४० मिनिटं. समाज आणि विज्ञान मिळून अर्धा तास. व्यायाम १० मिनिटं. सुट्टी १० मिनिटं. सहा दिवसांचा हिशेब केला तर ३३ तासांच्या आठवड्यात २० तास हाताचं काम आणि भाषा फक्त ४ तास.

आमच्या वहिनी तिथे असत्या तर त्यांनी पदर खोचला असता!

पण त्यामागचा विचार समजून घेऊ. मूल टकळीवर सूत काततं. चार फुटांचा एक तार. ६४० तारांची एक गुंडी. मग एका गुंडीत किती फूट सूत? २५६० फूट. आज माझे दीडशे तार झाले, गुंडी व्हायला किती राहिले? हे गणित झालं. कापूस कुठे पिकतो, काळ्या मातीतच का, हा भूगोल. आपला कापूस विलायतेला गेला आणि कापड होऊन परत कसा आला, हा इतिहास. आज काय केलं ते वहीत लिहायचं, ही भाषा. सेवाग्रामच्या शाळेत मुलं बागेत काम करायची, सफाई करायची, स्वयंपाकाचा हिशेब ठेवायची. आपण बायका रोज हेच तर करतो. किती माणसं जेवणार, किती पीठ मळायचं, तेल महिनाअखेरपर्यंत पुरेल का? आपण त्याला गणित म्हणत नाही एवढंच. नई तालीमने त्याला गणित म्हटलं.

ही योजना सगळीकडे नीट चालली का? नाही चालली, आणि त्याची कारणंही सांगायला हवीत. मुलांनी केलेल्या वस्तू विकून शाळेचा खर्च निघावा, अशी गांधीजींची अपेक्षा होती. ही पोरांची मजुरी झाली, असा आक्षेप त्या काळीच घेतला गेला. दुसरं, अनेक ठिकाणी टकळी आली, पण तिच्यातून गणित आणि भूगोल काढणारा शिक्षक तयार झाला नाही. मग राहिलं नुसतं कातणं. आणि तिसरं कारण आपल्या काळजाजवळचं आहे. गरिबांच्या पोरांनी कातायचं आणि साहेबांच्या पोरांनी इंग्रजी शिकायचं, असं आईबापांना दिसलं. पिढ्यान्‌पिढ्या हातानेच राबलेल्या माणसाला शाळेतही हातकामच दिलं, तर तो का खूश होईल? "माती सुटावी म्हणून शाळेत घातलं", हे आमच्या गटातल्या बाईचं बोलणं त्यातूनच येतं. ते खोटं नाही.

पण मैत्रिणींनो, हातकामातून डोकं चालवणं आणि डोक्याऐवजी हातकाम करून घेणं यात फरक आहे. तो फरक ओळखायला आपण शिकलं पाहिजे.

पहिला दिवस फसला

याच काळात गुजरातेत भावनगरला एक वकील वकिली सोडून लहान मुलांच्या शिक्षणात पडले होते. गिजुभाई बधेका त्यांचं नाव. १९२० साली त्यांनी तिथे बालमंदिर सुरू केलं. 'दिवास्वप्न' हे त्यांचं छोटं पुस्तक प्रसिद्ध आहे. त्यात एक शिक्षक चौथीचा वर्ग वर्षभर प्रयोगासाठी मागून घेतो. पहिल्या दिवशी मोठ्या हौसेने मुलांना शांततेचा खेळ घेतो. मुलं गोंधळ घालतात, सगळं फसतं, आणि तो मुलांना घरी सोडून देतो. दुसऱ्या दिवसापासून तो गोष्ट सांगायला लागतो. गोष्टीसाठी मुलं गप्प बसतात, गोष्टीसाठी वेळेवर येतात, गोष्टीसाठीच मग पुस्तक उघडतात. पुढे खेळ येतो, नाटक येतं, केस-नखांची स्वच्छता येते, बाहेरची भटकंती येते. इतर शिक्षक कुजबुजतात, पालक विचारतात, "पण अभ्यास कधी?" म्हणजे बघा, वहिनींचा प्रश्न त्या पुस्तकातही आहे!

गिजुभाईंसोबत १९२३ पासून काम करत होत्या ताराबाई मोडक. मुंबईत जन्मलेल्या, शिकलेल्या, राजकोटला शिक्षिकांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य असलेल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ साली त्यांनी मुंबईत दादरला शिशुविहार काढलं. सगळं चांगलं चाललं होतं. पण शहरातल्या सुखवस्तू घरांतल्या मुलांना जे मिळतं ते खेड्यातल्या मुलांना का मिळू नये, हा प्रश्न त्यांना सोडेना.

बोर्डी आणि कोसबाड

१९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ताराबाई बोर्डीला आल्या. हे डहाणू तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव. त्यांच्यासोबत आल्या अनुताई वाघ, वय पस्तीस. अनुताईंचं तेराव्या वर्षी लग्न झालं होतं आणि सहा महिन्यांत त्या विधवा झाल्या होत्या. पुढे शिकून शिक्षिका झाल्या होत्या. डिसेंबर १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं.

तो मुलूख कसा होता? वारली आदिवासींची वस्ती. जमीन सावकार-जमीनदारांची, माणसं वेठीला बांधलेली. त्याच १९४५ साली त्याच भागात गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला होता. एकीकडे आईबाप मालकापुढे ताठ उभं राहायला शिकत होते, दुसरीकडे या दोघी बाया त्यांच्या पोरांसाठी शाळा मांडत होत्या.

शाळा मांडली, पण गरीब वस्तीतली पोरं येईनात. कुणी लाजायचं, कुणी भ्यायचं, कुणाच्या अंगावर कपडा नसायचा. मग ताराबाईंनी उलटा विचार केला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावं. त्या वस्तीत गेल्या आणि कुणाच्या तरी अंगणातच बालवाडी भरवली. अंगणातली वाडी, म्हणून अंगणवाडी. तुम्ही रोज उच्चारता तो शब्द असा जन्माला आला. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा हाच शब्द देशभर गेला.

तिथे शिकवायचं काय? आधी आंघोळ, मग नखं, मग केस. त्यानंतर गाणी, गोष्टी, खेळ. मादाम माँटेसरींच्या पद्धतीची लाकडी साधनं महाग होती, खेड्याला परवडणारी नव्हती. ताराबाई आणि अनुताईंनी शिंपले, बिया, खडे, पानं, काड्या घेतल्या. मोजायला तीच, रंग ओळखायला तीच, लहान-मोठं लावायलाही तीच. म्हणजे आमच्या शाळेतल्या चिंचोक्यांचं मूळ असं जुनं आहे.

१९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर हललं. तिथे आणखी मोठी अडचण दिसली. सहा-सात वर्षांचं पोर शाळेत यायचं कसं? ते गुरं राखायला जातं. मग कुरणशाळा निघाली. जिथे गुरं चरतात तिथे शिक्षक जायचा आणि झाडाखाली शाळा भरायची. गुरंही राहिली आणि अक्षरही आलं.

आणि मुली? त्या धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरी बसायच्या. इथे या दोघींनी काढलेली तोड ऐका. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली. तिला नाव दिलं विकासवाडी. थोरली बहीण धाकट्याला घेऊन येणार, त्याला पाळणाघरात ठेवणार आणि शेजारच्या वर्गात शिकायला बसणार. मध्येच तो रडला तर हाकेच्या अंतरावर. पुण्यात मुलींच्या तासांवरून पेपरात भांडण झालं होतं. कोसबाडला त्याच प्रश्नाला पाळण्याने उत्तर दिलं गेलं. मला विचाराल तर आपल्या शिक्षणाच्या इतिहासातला हा सगळ्यात शहाणा शोध आहे, आणि तो बायांनी लावला, कारण मुलगी शाळेत का येत नाही हे त्यांना दिसलं.

ताराबाई १९७३ साली गेल्या. अनुताई कोसबाडला राहिल्या आणि १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत काम करत राहिल्या. एकीला पद्मभूषण मिळालं, दुसरीला पद्मश्री. पण त्यांचं खरं स्मारक म्हणजे आपल्या प्रत्येक वाडीवरची अंगणवाडी आणि तिथली गाणी म्हणणारी पोरं.

मग अभ्यास कधी?

आता वेळापत्रकाकडे परत येऊ. 'कार्यानुभव' हा शब्द आपल्या शाळेत आला तो कोठारी आयोगामुळे. या आयोगाने १९६६ साली सांगितलं, की कामाचा अनुभव हा सगळ्याच मुलांच्या शिक्षणाचा भाग असावा. सगळ्याच, म्हणजे गरिबांच्याही आणि श्रीमंतांच्याही. वर्ध्याच्या योजनेतला दोष इथे भरून काढायचा प्रयत्न होता. २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात लिहिलंय, की मुलांनी कृतीतून, शोधातून, मनात भीती न ठेवता शिकावं. मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे. पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं झालं पाहिजे. म्हणजे दिवसाला ४ तास, सहा दिवसांच्या आठवड्याला २४ तास. अलीकडे, २०२४ साली, आपल्या राज्यात पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार'ही आला.

हा सगळा इतिहास ऐकून माझ्या लक्षात एक गोष्ट आली. गाणं, माती, बाग, ओढ्यावरची सहल हे लाडाकोडातल्या पोरांसाठी काढलेलं नव्हतं. ज्यांच्या घरात पुस्तक नाही, ज्यांची शाळा कधीही सुटू शकते, त्या पोरांना शाळेत टिकवण्यासाठी ते आलं. आपल्या पोरांसाठी आलं. नुसत्या पाढ्यांच्या शाळेत मावशींसारखी पोर एक दिवस जात नाही, आणि कुणी विचारत नाही. चिंचोके मोजणाऱ्या शाळेत ती दुसऱ्या दिवशी परत येते, कारण काल पेरलेली मेथी उगवली का ते तिला बघायचं असतं.

पण वहिनींचंही खरं आहे. मेथी उगवली आणि 'मेथी' लिहिता आलं नाही, तर ती शाळा अर्धीच. चिंचोके मोजले आणि वजाबाकी आली नाही, तर तो खेळच राहिला. अनुताईंनी शिंपले वापरले ते मोजता यावं म्हणून. टकळी होती ती गणितासाठी. म्हणून आपण शाळेला "गाणी बंद करा" असं सांगायचं नाही. विचारायचं ते असं, की गाण्यातून पोरगी वाचायला लागली का?

यासाठी एक सोपा उपाय सांगते. शनिवारी रात्री भाकऱ्या थापता थापता पोराला जवळ बसवा आणि सहा प्रश्न विचारा. या आठवड्यात नवीन काय वाचलंस, चार ओळी वाचून दाखव. काय मोजलंस? हाताने काय केलंस? कोणती गोष्ट ऐकलीस? वर्गाबाहेर काय पाहिलंस? आणि बाईंना तू कोणता प्रश्न विचारलास? सहाही प्रश्नांची उत्तरं आली, तर आठवडा चांगला गेला समजा. वाचनाचंच उत्तर आलं नाही, तर शाळेत जाऊन बोला. आणि नुसतं "पुस्तकातलं उतरवलं" एवढंच उत्तर आठवड्यामागून आठवडे आलं, तरीही जाऊन बोला.

बोलायला भिऊ नका. शाळा व्यवस्थापन समितीत निदान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि सदस्यांत निम्म्या बायका, असं कायदा सांगतो. म्हणजे ती खुर्ची आपली आहे. सहीपुरतं जाऊ नका. बाई-गुरुजींवर तोंडसुख घेऊ नका, त्यांच्या मागेही कागदांचं लचांड असतं. त्यांना विचारा, "आम्ही काय करू?" कुणी आजी जात्यावरच्या ओव्या सांगायला जाईल, कुणी बियाणं ओळखायला शिकवेल, कुणी गटाची वही दाखवून व्याज कसं काढतात ते समजावेल. आठवड्यातला एक तास आपला.

गेल्या आठवड्यात आमच्या गटातल्या तिघी समितीच्या बैठकीला गेल्या. वहिनी पुढे होत्या. त्यांनी बाईंना स्पष्ट सांगितलं, "माती करा, पण माझी पोरगी दिवाळीपर्यंत धडाधडा वाचायला पाहिजे." बाई म्हणाल्या, "मलाही तेच हवंय, ताई." मावशी काही बोलल्या नाहीत. निघताना मात्र त्या भिंतीजवळ थांबल्या आणि बोट ठेवून ठेवून वेळापत्रक वाचू लागल्या. सोमवार, मंगळवार, बुधवार… पार शनिवारपर्यंत. मग म्हणाल्या, "एवढं सगळं असतं होय?"

मैत्रिणींनो, उद्या पोराला शाळेत सोडायला गेलात की तुम्हीही भिंतीवरचा तो कागद वाचा. वाचता येत नसेल तर पोराकडून वाचून घ्या.